बोला पावणं, ही खेळी का केलीसा?

अक्का बुद्धिबळाच्या पंच होत्या, पण पटाकडे त्या बघत नसत. नवख्या माणसाला हे भलतंच वाटायचं. एकदा एका पालकांनी न राहवून त्यांना हटकलंच, "बाई, इकडं माझ्या मुलाचा डाव चाललाय आणि तुम्ही खिडकीकडं काय बघताय?" अक्का खिडकीकडे नव्हे, खिडकीशी बसलेल्या खेळाडूच्या पायांकडे बघत होत्या. ते पाय टेबलाखाली थडथड उडत होते. "पट काय पळून जातोय व्हय?" अक्का म्हणाल्या. "पळालं तर माणूस पळतंय. पट हाय तिथंच हाय." पालकांनी मग स्वतःही टेबलाखाली वाकून बघितलं.

अक्का मूळच्या कागलच्याही पलीकडल्या, कर्नाटकाची हद्द सुरू होते तिथल्या जैन शेतकरी घरातल्या. लग्न होऊन शिवाजी पेठेत आल्या आणि हायस्कुलात विज्ञान शिकवत निवृत्त झाल्या. वर्गात पुस्तकी मराठी आणि वर्गाच्या बाहेर पाऊल पडलं की कागल, अशी त्यांची सरळ वाटणी होती. लहानपणापासून वडिलांशी बुद्धिबळ खेळायच्या, म्हणून निवृत्तीनंतर पंचाची परीक्षा दिली आणि पेठेतल्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये स्पर्धा भरवायला लागल्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. त्या आम्हा मुलींना 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे कन्नडात धाकटी बहीण. मी उचगावच्या दूधवाल्या घरातली. आमच्याकडे कानडीचा एक शब्द कुणाला येत नाही, पण 'ए तंगी' अशी हाक आली की मी आजही मागे वळून बघेन.

अक्कांच्या हॉलमध्ये कुणी कुणाला मारत नसे. "मी घोडा मारला" असं कुणी म्हणालं की त्या लगेच हात जोडायच्या. "मारलास? आमच्या घरात चालत न्हाय बाबा. उचलला म्हण." त्यामुळे आमच्या सगळ्या पिढीची बुद्धिबळाची भाषा फार अहिंसक झाली. बाहेरगावी स्पर्धेला गेलो आणि आमच्यातलं कुणी तोंडाने डाव सांगायला लागलं की लोक हसायचे. आणि दुसरं म्हणजे सूर्यास्ताआधी त्यांचं जेवण व्हायचं. फेरी रंगात आलेली असली तरी डबा उघडला जायचा. एका हातात भाकरीचा तुकडा आणि नजर खेळणाऱ्यांवर. पेठेत फुटबॉलची मॅच असेल त्या दिवशी मात्र स्पर्धाच नसे, कारण अक्का मैदानावर असत आणि तिथल्या रेफरीला पंचगिरी शिकवत असत.

मग ती टाळेबंदी आली. हॉलला कुलूप लागलं आणि सगळ्या स्पर्धा मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर सुरू झाल्या. आम्हाला वाटलं, अक्कांची पंचगिरी आता संपली. ज्या बाई माणसांचे पाय बघून डाव ओळखतात, त्या पडद्यावर काय बघणार? शिवाय जगज्जेत्यालाही हरवेल असा प्रोग्रॅम आता कुणाच्याही मोबाईलमध्ये फुकट मिळतो. समोरच्या पडद्यावर डाव, मांडीवर दुसरा मोबाईल, एवढ्यात काम भागतं. मोठमोठ्या साइट डाव संपल्यावर हिशेब करून चोर पकडतात, पण अक्कांना चोर डाव चालू असतानाच हवा असायचा. "डाव संपल्यावर पकडलं तर समोरचं बिचारं हरून रडून झोपलेलं असतंय," त्या म्हणायच्या. "त्याला काय उपयोग?"

त्यांनी नियम केला की प्रत्येकाने एक मोबाईल बाजूला असा ठेवायचा की तोंड, हात आणि पडदा तिन्ही दिसले पाहिजेत. आणि माईक चालू हवा. माईक का, तर घर ऐकू यायला हवं. कुणाकडे कुकर, कुणाकडे पोपट, कुणाकडे सासूबाईंची मालिका. अक्कांना सगळ्या घरांचे आवाज पाठ झाले होते. एकदा त्या एका डॉक्टरीणबाईंना भर डावात म्हणाल्या, "बाई, तुमचा पोपट आज का बोलंना?" बिचारीचा पोपट खरोखरच आजारी होता. दुसऱ्या दिवशी अक्कांनी आधी पोपटाची चौकशी केली आणि मगच फेरी सुरू केली.

पण खरी ओळख आवाजावरून नसायची, वेळावरून असायची. ही गोष्ट त्यांनी मला अशी समजावली होती. समोरच्याने आपला वजीर आयता तोंडाशी आणून ठेवला, तर माणूस काय करेल? झडप घालेल. डाव अडला, दोन्ही बाजूंनी आग लागली, तर माणूस काय करेल? डोकं धरून बसेल. पण चोरून खेळणाऱ्याला प्रत्येक खेळी दुसऱ्या मोबाईलमध्ये भरावी लागते, उत्तराची वाट बघावी लागते आणि मग इकडे चाल करावी लागते. म्हणून त्याला सोप्या खेळीला जेवढा वेळ तेवढाच अवघड खेळीला. "फुकटात वजीर मिळायलाय, आणि हे विचार करायलंय!" अक्का कपाळावर हात मारायच्या. "आणि घर जळायलंय तरी तेवढाच विचार. असलं माणूस तू कुठं बघितलंस काय?"

असं कुणी सापडलं की अक्का डाव थांबवून त्याला एकट्याला व्हिडिओ कॉल लावायच्या. आपल्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणायची रीत आहेच, पण अक्कांनी त्या शब्दाला वेगळंच काम लावलं होतं. एरवी त्या सगळ्यांना नावाने हाक मारायच्या. संशय आला की बाई असो वा बाप्या, "बोला पावणं, ही खेळी का केलीसा?" एवढंच विचारायच्या. जो आपल्या डोक्याने खेळला त्याला सांगता येतं. चुकतमाकत, अडखळत का होईना, पण सांगता येतं. जो दुसऱ्याच्या डोक्याने खेळला तो म्हणतो, "चांगली वाटली म्हणून केली." अक्कांचं म्हणणं, "आपल्या घरात खेळणारं माणूस असं बोलत न्हाय. हे पावण्याचं बोलणं. भाजी चांगली हाय म्हणतंय, पण कशाची हाय ते ठावं न्हाय."

आमच्यात हे सगळ्यांना माहीत झालं होतं. "अक्कांनी त्याला पावणं केलं" म्हणजे त्याचं काही खरं नाही. पण अक्कांनी कुणाचं नाव कधी चारचौघांत घेतलं नाही. एक चांगले मध्यमवयीन गृहस्थ असे सापडले. अक्कांनी त्यांचा डाव बाद केला आणि वर फोन करून सांगितलं, "हॉल उघडला की या. समोर बसून खेळू. चहा माझा." आणि ते खरंच आले! पहिल्याच डावात सपाटून हरले. अक्का टाळ्या वाजवत हॉलभर सांगत सुटल्या, "हरले! खरे हरले!" ते गृहस्थ आधी ओशाळले, मग हसले. पुढे ते आमच्या हॉलचे सगळ्यात नियमित हरणारे सभासद झाले.

एवढं सगळं मी शेजारून बघत होते आणि मजा घेत होते. मग एक दिवस माझीच पाळी आली.

राज्याच्या संघासाठी निवड स्पर्धा होती, तीही घरबसल्याच. मी तेव्हा एका शाळेत मुलांना बुद्धिबळ शिकवायला नुकतीच लागले होते. आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा उद्योग फारसा पटलेला नव्हता, पण त्यांनी अडवलंही नव्हतं. "खेळतीस ते खेळ, पण नाव घालवू नगंस," एवढंच म्हणाले होते. त्या दिवशी मी माझ्याहून कितीतरी वरच्या खेळाडूला हरवलं. आयुष्यातला सगळ्यात चांगला डाव. आणि तासाभरात निरोप आला की प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली आहे, माझ्या खेळ्या प्रोग्रॅमच्या खेळ्यांशी फार जुळतात, आणि डावभर मी सारखी उजवीकडे खाली बघत होते. चौकशी होणार. दोषी ठरले तर बंदी. बंदी म्हणजे संघ गेला, शाळा गेली आणि आप्पांनी सांगितलेलं ते नावही गेलं.

उजवीकडे मी का बघत होते ते सांगते. उचगावातल्या आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायची. मी तिथे बसून खेळत होते आणि शेजारी शेगडीवर दुधाचं मोठं पातेलं होतं. आई गोठ्यात जाताना सांगून गेली होती, दूध उतू गेलं तर बघ. राज्याची निवड असो की देशाची, आमच्या घरात दूध उतू जाऊन चालत नाही.

चौकशीला तिघं पंच होते. त्यातल्या एक अक्का. कॉल जोडला गेला आणि त्यांचं तोंड दिसलं तेव्हा मला हायसं वाटलं. अक्का आहेत, आता काळजी नाही. अक्का आधी बाकीच्या दोघांना म्हणाल्या, "ही माझ्या हाताखाली शिकलेली हाय. म्हणून निकाल मी देणार न्हाय, तुम्ही द्या. मी फक्त विचारते." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोला पावणं."

तंगी नाही, नाव नाही, पावणं! मला रडूच फुटलं. अक्का थांबल्या, मला पाणी प्यायला लावलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या, "बोला पावणं, तो राजा कोपऱ्यात का सरकवलासा?"

तक्रारीचा सगळा भर त्या एका खेळीवर होता. डाव ऐन रंगात असताना मी काही हल्ला न करता राजा एक घर कोपऱ्यात सरकवला होता. प्रोग्रॅमच्या मते तीच सगळ्यात उत्तम खेळी, कारण पुढे बऱ्याच खेळ्यांनंतर समोरच्याचा उंट तिरक्या रेषेतून शह देणार होता आणि राजा आधीच बाजूला झाल्यामुळे तो शह फुकट गेला. एवढं लांबचं माणसाला दिसतं का, असा प्रश्न होता.

मी डोळे पुसत सांगितलं, "मला उंटाचं काहीच दिसलं नव्हतं. मला घोड्याची भीती वाटत होती. त्याचा घोडा आत शिरून राजाला शह देईल आणि त्याच झटक्यात माझा वजीर जाईल, म्हणून मी राजा हलवला."

मुख्य पंचांनी डाव पुन्हा लावून बघितला आणि म्हणाले, "पण तो घोडा तर हलूच शकत नव्हता. तुमच्या हत्तीनेच तो त्यांच्या राजापुढे बांधून ठेवला होता. हलला असता तर त्यांच्याच राजाला शह बसला असता."

मी बघितलं. खरंच की! तो घोडा मीच बांधला होता आणि साफ विसरून गेले होते. आता संपलंच, मला वाटलं. चोर तर ठरणारच, वर मूर्खही. आणि तेवढ्यात अक्का हसायला लागल्या. पडदा हलेस्तोवर हसल्या.

"अहो, ऐकलासा काय?" त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "स्वतः दाव्याला बांधलेल्या म्हशीला भिऊन ही कोपऱ्यात जाऊन बसली! मशीन असं भितंय व्हय कधी? खेळी बरोबर हाय, पण कारण ठार चुकीचं हाय. चोरलेली खेळी असती तर ही कारणबी पढून आली असती. ही खेळी हिचीच." आणि मग मला म्हणाल्या, "आणि खाली काय बघत हुतीस?" मी दुधाचं सांगितलं. "उतू गेलं?" मी म्हटलं, नाही. "मग बरं," अक्का म्हणाल्या. त्यांनी माझा कॅमेरा शेगडीकडे वळवायला लावला आणि तिघांनी ते पातेलं रीतसर बघितलं. सगळ्या खेळ्यांचा वेळही तपासला गेला. सोप्या खेळ्या मी झटक्यात केल्या होत्या आणि त्या राजापाशी कितीतरी वेळ अडून बसले होते. मुख्य पंचांनी तक्रार फेटाळली. मी संघात आले.

दुसऱ्या दिवशी अक्कांना फोन केला. आभार मानायचे होते, पण मनात रुतलेलं आधी बाहेर आलं. "अक्का, तुम्ही मला पावणं म्हणालात. तुमचासुद्धा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"विश्वास हुता म्हणून तर विचारलं, तंगी," त्या म्हणाल्या. "नसता तर तो मशीनचा कागद बघून मोकळी झाले असते. ज्याच्याकडं सांगण्यासारखं असंल त्यालाच माणूस विचारतंय की."

त्या दिवसाचं ऋण माझ्यावर आहे आणि ते मी मिरवते. आज शाळेत शिकवते, आप्पा पाहुण्यांपुढे माझं नाव छाती काढून सांगतात, ते सगळं त्या एका 'का'वर उभं आहे. अक्कांनी नुसती माझी बाजू घेतली असती तर मी सुटलेही असते, पण लोक म्हणाले असते, बाईंनी आपल्या पोरीला वाचवलं. त्यांनी मला पावणं केलं म्हणून कुणाला बोट दाखवायला जागा राहिली नाही. पुढे मी पंचाची परीक्षा दिली तेव्हा फॉर्म त्यांनीच आणला होता. शेजारी बसवून शिकवलंही त्यांनीच. "आधी माणसाला विचार, मशीनचं मागनं बघ," हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा, "चोर कमी असत्यात. भ्यालेली माणसं जास्त असत्यात."

अक्का जाऊन आता बरेच दिवस झाले. जायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. आम्ही सगळे आळीपाळीने भेटायला जायचो. पोळ्या, फळं, फुलं न्यायचो. "आराम करा अक्का," म्हणायचो आणि निघायचो. त्या बघत राहायच्या. त्यांच्याकडे बघून काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून आम्ही त्यांच्या यजमानांशी, रावसाहेबांशी, अक्कांच्या औषधांबद्दल बोलायचो.

अशाच एका रविवारी आमची घरबसल्या खेळायची छोटी स्पर्धा होती. आता मी पंच होते आणि सोबत सांगलीच्या एक नव्या बाई सहपंच होत्या. स्पर्धा हौशी होती, कॅमेरा फक्त संशय आला तरच लावायचा. मधल्या फेरीत सहपंच बाई म्हणाल्या, "मॅडम, हे बघा. प्रत्येक खेळीला सारखाच वेळ लागतोय. आत्ता समोरच्याने घोडा आयता दिला, तरी उचलायला तेवढाच वेळ." मी नाव बघितलं. रावसाहेबांचं होतं. रावसाहेबांना हत्ती सरळ जातो की तिरका तेही माहीत नव्हतं.

माझ्या लक्षात आलं. मोबाईल रावसाहेबांचा, म्हणून नावही त्यांचं; खेळत होत्या अक्का, डाव्या हाताच्या एका बोटाने. सोपी खेळी असो वा अवघड, ते बोट तेवढ्याच वेळात पडद्यापर्यंत पोचत होतं. जी खूण त्यांनी आम्हाला शिकवली, त्याच खुणेत त्या स्वतः सापडल्या होत्या.

सोडून द्या, त्या आमच्या अक्का आहेत, हे वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मग मला तिघांनी रीतसर बघितलेलं ते शेगडीवरचं पातेलं आठवलं. मी डाव थांबवला आणि व्हिडिओ कॉल लावला.

रावसाहेबांनी फोन धरला होता. अक्का खुर्चीत उशांना टेकून बसल्या होत्या. "अक्का, बऱ्या हायसा न्हवं?" मी म्हटलं. अक्कांनी माझ्याकडे निरखून बघितलं, पूर्वी बघायच्या तसंच. मग डावा हात उचलला.

"अक्का... नगं," त्या एकेक शब्द उचलत म्हणाल्या. "पावणं म्हण. नियम हाय."

माझे डोळे भरून आले, पण मी म्हटलं, "बोला पावणं. घोडा का उचललासा?"

आणि अक्का सांगायला लागल्या. किती वेळ सांगत होत्या! शब्द सापडत नव्हते, तरी थांबल्या नाहीत. घोडा उचलला की समोरच्याच्या हत्तीची वाट कशी बंद होते, मग अक्कांचा उंट कसा आत शिरतो, मग समोरच्याला राजा कसा हलवावाच लागतो. मी डाव समोर ठेवून ऐकत होते. हत्तीची वाट बंद होत नव्हती. उंटाला आत शिरायला घरच नव्हतं. घोडा उचलल्यामुळे उलट त्यांचाच डाव उघडा पडला होता. सगळं कारण ठार चुकीचं होतं.

"खेळी ह्यांचीच आहे," मी सहपंच बाईंना सांगितलं. डाव पुढे सुरू झाला आणि अक्का हरल्या.

संध्याकाळी, त्यांचं जेवण उरकल्यावर, मी पुन्हा फोन केला. म्हटलं, "अक्का, मला विचारावं लागलं. राग नाही ना आला?"

त्या म्हणाल्या, "तंगी, झटका आल्यापासनं... सगळी येत्यात. आराम करा म्हणत्यात. जात्यात." शब्द जुळवत त्या पुढे म्हणाल्या, "का केलं म्हणून... आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."